दिलावरचा गूळ

शाहू महाराजांच्या कारकिर्दीत साठमारी म्हणजे कोल्हापूरचा जीव की प्राण. माजावर आलेला हत्ती मैदानात सोडायचा, साठमारांनी त्याला डिवचायचं आणि तो अंगावर आला की बुरजाच्या अरुंद दारातून आत पळायचं. बाबालाल साठमाराला तोड नव्हती. खेळ संपून हत्तीला साखळदंड पडले की साठमारानं त्याला आपल्या हातानं गूळ भरवायचा, ही त्याच्या वाडवडिलांची रीत.

दसऱ्याला पाहुण्यांनी मैदानाभोवतीचा तट भरला होता. दमलेल्या दिलावर हत्तीपुढं बाबालालनं गूळ धरला, सोंड जवळ येताच हात मागं घेतला आणि तो स्वतःच खाल्ला. तट हसून लोटपोट झाला. त्याची लेक हाफिजा तेवढी हसली नाही.

ती मुलींच्या शाळेत शिकवायची, मिळेल ते इंग्रजी पुस्तक वाचायची. जेवताना म्हणाली, "अब्बा, इंग्रजीत एक नवा शब्द आलाय, ह्युब्रिस. ग्रीकांकडून घेतलेला. इंग्रज तो गर्वाला वापरतात. पण ग्रीक नुसत्या गर्वाला ह्युब्रिस म्हणत नसत. हरलेल्याची मौजेखातर विटंबना केली, की ह्युब्रिस. त्यांच्यात तो गुन्हा होता."

"मग दिलावरला ग्रीक येतंय म्हण की!"

"उद्या गूळ देऊन या."

"व्हय गं मास्तरीणबाई, देतो की."

तो उद्या उगवलाच नाही. एकदा माहूत लालासाब दारात येऊन म्हणाला, "बाबालाल, जनावर बिघडलंय. कुणाचाच गूळ खाईत न्हाय. सोंडेत धरतंय, खाली ठेवतंय, अन् वाटंकडं बघत ऱ्हातंय."

"माझ्या वाटंकडं! माया लागलीया त्येला."

पुढच्या खेळाला हाफिजानं गुळाचा खडा फडक्यात बांधून त्याच्या कमरेला खोचला. "आधी द्या, मग खेळा."

"आधी दिला तर लोक म्हनतील, बाबालाल भ्याला."

दिलावर सुटला. त्यानं ना डिवचणाऱ्या साठमारांच्या लाल फडक्यांकडं पाहिलं, ना भाल्यांकडं. सरळ चालत गेला आणि बाबालालच्या नेहमीच्या बुरजाचं दार अडवून उभा राहिला. दुसरा बुरूज लांब होता.

बाबालालनं कमरेचं फडकं सोडलं. हात पुढं करताना तो वाकला. वडिलांना वाकलेलं हाफिजानं कधी पाहिलं नव्हतं. दिलावरनं खडा घेतला, सावकाश खाल्ला. मग सोंड पुन्हा पुढं केली. हात रिकामा होता.

बाबालालच्या मातीला आलेली माणसं म्हणाली, गर्वाचं घर खाली. हाफिजाला ते पटलं नाही. गर्वावर तर अब्बा सारा जन्म जगले होते. जीव गेला तो दसऱ्याच्या त्या एका खड्यापायी.