आठ वाजताची चिठ्ठी

मी एक जुना दुभाष्या आहे, मित्रांनो, पण हाडामांसाचा नव्हे. मला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. सर्व्हरच्या लोखंडाला प्रोग्रामची बोली कळत नाही आणि प्रोग्रामला लोखंडाची. त्यांच्या मधे मी. इथिओपियातल्या देसी शहरात, डोळ्यांच्या इस्पितळात, भेटीच्या चिठ्ठ्या छापणारा प्रोग्राम वर्षानुवर्षं माझ्याच जिवावर चालला.

तो प्रोग्राम परदेशी. आम्हा इथिओपियाच्या लोकांचं घड्याळ मात्र सूर्योदयापासून चालतं. परदेशात सकाळचे आठ, ते आमचे दोन. हे त्या शहाण्याला पटेल तर ना! मग सेगेरेदा नावाच्या इंजिनिअर मुलीनं युक्ती केली. दर वेळी मी जागा होताना माझ्या कानात सांगायची एक ओळ तिनं लिहिली: घड्याळ सहा तास मागे धर. त्यानंतर चिठ्ठीतली वेळ कधी चुकली नाही. पुढे ती नोकरीसाठी राजधानीला, अदिसला गेली, आणि ती ओळ सगळे विसरले.

मग मी थकलो. काम सोडून मधेच मेमरीतला केर काढत बसायचो आणि खिडकीपुढे रांग वाढायची. लोक कुरकुरायचे. नवा इंजिनिअर बिन्याम काही वाईट नव्हता. रविवारी इस्पितळ बंद असताना त्यानं माझ्या जागी नवा, चपळ दुभाष्या बसवला. पानं उघडली, चिठ्ठ्या छापल्या, सगळं झकास. मला एका फोल्डरात टाकलं. ओळ माझ्यापाशीच राहिली. त्यानं विचारलं नाही, आणि मला तोंड कुठं आहे?

सोमवारी झेनेबेचआजी आल्या. कुणाच्या तरी नेत्रदानातून आलेलं बुबुळ दुसऱ्या दिवशी त्यांना बसवायचं होतं, तेही पाहुणे डॉक्टर दुपारी अदिसला परत जायच्या आत. आजींना एकच आस होती. भाजताना कॉफीचे दाणे नीट दिसत नाहीत, करपतात, म्हणून शेजारणी त्यांच्या हातातून तवा काढून घेत. तो तवा त्यांना परत हवा होता.

चिठ्ठीवर छापलं होतं आठ, परदेशी सकाळचे; छापायला हवे होते आमचे दोन. आमचे आठ म्हणजे भर दुपार. मंगळवारी आजी घरच्या पोराच्या खांद्यावर हात ठेवून अगदी वेळेवर आल्या. तोवर डॉक्टर निघून गेले होते. बुबुळ फार काळ टिकत नाही, ते दुसऱ्याला बसवलं होतं.

त्याच दुपारी एका म्हाताऱ्याच्या चिठ्ठीवर चौदा छापलं गेलं. तो हसून म्हणाला, "आमच्या घड्याळात चौदा कधीपासून वाजायला लागले रे?" तेव्हा कुठं बिन्यामचा चेहरा उतरला. त्यानं सेगेरेदाला फोन लावला.

"अरे, काढण्याआधी एक फोन करायचास," ती म्हणाली. मग स्वतःच पुढं म्हणाली, "मी तरी कुणाला सांगून गेले होते म्हणा."

ती ओळ माझ्यातून काढून नव्याच्या कानात घालायला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. याचंच मला फार वाईट वाटतं.

मित्रांनो, जुन्याला खुशाल बदला. मी खरंच थकलो होतो. पण निरोप देण्याआधी, तो न बोलता काय काय सांभाळत होता, एवढं बघा.

बिन्याम आजींची माफी मागायला बाकाजवळ गेला. पुढचं बुबुळ कधी येईल, ते कुणालाच माहीत नव्हतं. आजींनी चाचपडत त्याचा हात धरला.

"माझंच चुकलं असेल, बाळा. मला वाचता कुठं येतं? पोराला विचारलं, तो म्हणाला आठ. मी आठलाच आले."