कपाट नंबर तीनचं कुलूप

मित्रांनो, या, जवळ बसा. पण आधी हात दाखवा. राग मानू नका. मी एक जुनं कुलूप आहे, आणि कुणी समोर आलं की पहिल्यांदा त्याच्या बोटांकडे बघायचं, ही खोड आता सुटायची नाही.

माझा जन्म अलिगढचा. अंग पितळेचं, पोटात सात लिव्हर, म्हणजे किल्लीने उचलायच्या पट्ट्या. सोलापुरात मधल्या मारुतीजवळच्या दुकानातून मला एका तंत्रनिकेतनात आणलं आणि ड्रॉइंग हॉलच्या व्हरांड्यातल्या कपाट नंबर तीनला लावलं. तेव्हापासून मी एकच हिशेब ठेवत आलो, हातांचा. कोण किल्ली नीट फिरवतो, कोण हिसडा मारतो, कोण उघडून झाल्यावर मागे वळून बघतो, सगळं माझ्या पोटात आहे.

या हिशेबात सगळ्यांत स्वच्छ पान कल्लप्पाचं. कल्लप्पा हा आमचा शिपाई, जवळच्या मंद्रूप गावचा. तेव्हा सहा वर्षं झाली होती तरी नोकरी हंगामीच. दर सोमवारी तो शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब माझ्या तोंडात घालायचा आणि कानडीत काहीतरी पुटपुटायचा. एवढी माया बघून सुरुवातीला मला त्याचाही संशय आला होता. पण वर्षभर डोळ्यांत तेल घालून बघितलं, हाती काही लागलं नाही.

मग १९७७ साल उजाडलं आणि आमच्याकडे परिषद ठरली. विषय होता अभियांत्रिकी शिक्षणात संगणकाचा उपयोग. संगणक आमच्याकडे नव्हता. सगळ्यांत जवळचा पुण्यात. तरीही समित्या नेमल्या गेल्या. स्वागत समितीत अकरा जण शिरले आणि पाण्याच्या समितीत कुणीच नाही, तेव्हाच मी ओळखलं, यात काहीतरी घोटाळा होणार.

परिषदेचा खरा जीव माझ्या मागे, कपाटात होता. आमच्या मुलांनी तुळईचं गणित करणारा प्रोग्रॅम कागदावर लिहिला होता. पुण्याहून त्याची पंचकार्डं होऊन आली होती. पंचकार्ड म्हणजे भोकं पाडलेला जाड कागद. एका कार्डावर प्रोग्रॅमची एक ओळ. अशी एकशे बारा कार्डं होती, आणि क्रम बिघडला की सगळं मुसळ केरात. मुलांना शिकवणाऱ्या हत्तुरे सरांनी ती महिनाभर खपून तपासली होती. पुण्याच्या संगणक केंद्रातल्या बर्वे बाई परिषदेला येणार, जाताना गठ्ठा नेणार आणि तिथल्या संगणकावर चालवणार, असं ठरलं होतं. ही खेप चुकली तर पुढची दोन महिन्यांनी, म्हणजे मुलांची परीक्षा होऊन गेल्यावर.

आदल्या दिवशी हत्तुरे सरांनी कल्लप्पाकडून किल्ली काढून घेतली. बाहेरचे लोक येणार, जपलेलं बरं, म्हणाले. सकाळी कल्लप्पाला पाहुणे आणायला स्टेशनवर पाठवलं. इकडे पाहुण्यांच्या छातीवर लावायचे बिल्ले छापखान्यातून आलेच नव्हते. स्वयंसेवक मुलं धावत सरांकडे गेली. सर हारांची मोजदाद करत होते. मान वर न करता त्यांनी किल्ली दिली आणि कपाटातला जाड कागद घ्या म्हणाले.

जाड कागद होता खालच्या फळीवर. मुलांनी वरची फळी बघितली. सगळी कार्डं एका मापाची, मागची बाजू कोरी, आणि टाचणीसाठी भोकंसुद्धा तयार. इतकी सोय कुणी फुकट करून ठेवत नाही, हे मला कळत होतं. पण कुलपाला सांगता कुठे येतं? किल्ली नावनोंदणीच्या टेबलाच्या खणात गेली आणि मी कडीला उघडाच लोंबत राहिलो.

त्या टेबलावर सावित्रम्मा बसल्या होत्या. कचेरीतल्या या कारकून बाई रांगेच्या फार कडक. जो आधी आला त्याचं नाव वहीत आधी, आणि बिल्ल्यासाठी गठ्ठ्यातलं वरचंच कार्ड घ्यायचं. मिरजेच्या एका गृहस्थांना मधलं स्वच्छ कार्ड हवं होतं. ते त्यांना मिळालं नाही. संध्याकाळपर्यंत सगळे सावित्रम्मांची टिंगल करणार, असा माझा अंदाज होता.

दुपारी जेवणाआधी हत्तुरे सर कपाटाशी आले. मी उघडा, फळी रिकामी, त्यांच्या खिशात किल्ली नाही. व्हरांड्यात पन्नास जण उभे होते, पण सरांनी हाक एकालाच मारली.

"कल्लप्पा, रद्दीत घातलास काय रे गठ्ठा?"

"मी सकाळधरनं स्टेशनावर हुतो सर. किल्ली तर तुमीच काल घेतली की."

"मग खिशातून कुणी काढली?"

प्राचार्य म्हणाले, याच्या कायम नोकरीचा कागद आज सहीला होता, तो आता राहू द्या. मुलांना मात्र कुणी काही विचारलंच नाही.

पंगत व्हरांड्यातच बसली. बर्वे बाईंच्या बिल्ल्यावर शेंगाचटणी सांडली. पुसायला म्हणून त्यांनी तो उलटा केला, वरच्या कडेला छापलेली प्रोग्रॅमची ओळ वाचली, मग शेजाऱ्याचा बिल्ला उलटा केला.

"हत्तुरे सर," त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमची तुळई आम्ही सगळे छातीवर लावून जेवतोय."

हत्तुरे सरांचा घास हातातच राहिला. सत्त्याण्णव पाहुणे, सत्त्याण्णव ओळी. कार्डं गोळा झाली असती, पण क्रम कुठून आणायचा? तेव्हा सावित्रम्मांनी वही उघडली आणि पहिल्यापासून नावं पुकारायला लागल्या. मोठमोठे प्राध्यापक शाळेतल्या मुलांसारखे रांगेत येऊन बिल्ले एकाखाली एक ठेवत गेले. खणात उरलेली पंधरा कार्डं खाली गेली. फक्त एक्केचाळीस नंबर गायब. ते गृहस्थ सिद्धेश्वराच्या दर्शनाला गेले होते. कुणी न सांगता कल्लप्पाने सायकल काढली आणि घामाघूम होऊन ते कार्ड आणून गठ्ठ्यात सरकवलं. वाकलेली आणि चटणी लागलेली कार्डं पुण्यात नवी करता येतील, असं बाई म्हणाल्या.

कायम नोकरीच्या कागदावर सही झाली. हत्तुरे सरांनी माफी मागितली नाही. खणातली किल्ली काढून नुसती पुढे केली. "ही तुझ्यापाशीच असू दे."

"नगं सर. उघडतो मी, तेल बी घालतो. पण किल्ली तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या. म्हंजे पुढच्या येळेला आदी तुमचाच खिसा आठवंल."

गेल्या वर्षी कल्लप्पाची ग्रंथालयात बदली झाली. तेव्हापासून माझे सोमवार कोरडे जातात. पोटातले दोन लिव्हर अडकलेत, आणि परवा कुणीतरी मला दगडाने ठोकलं. मित्रांनो, तेलाचे दोन थेंब घालत जा, जास्त मागणं नाही. आणि काही हरवलं तर शिपायाला हाक मारण्याआधी, किल्ली शेवटची कुणी कुणाच्या हातात दिली, तेवढं आठवा. संशय मीही घेतो. जन्मच त्यासाठी आहे. पण मी तो सगळ्यांवर सारखा घेतो.