पाणी मोजणारा पत्रा खोटं बोलला

मला नुसता जुना पत्रा म्हणालात तरी मी रागावणार नाही, मित्रांनो. दीड हात रुंदी, वरच्या कडेला मधोमध काटकोनी खाच आणि टांगायला एका कोपऱ्यात भोक, एवढाच माझा अवतार. पण पाटात मला आडवं, सरळ रोवलं की खाचेतून पाणी पडू लागतं. पाणी जास्त आलं की ते खाचेमागे चढतं, आणि बाजूच्या मोजपट्टीवर आकडा वाढतो. त्या आकड्यावरून शेताला किती पाणी चाललंय ते कळतं.

माझा जन्म उधन्याचा. कापड विणायच्या लूमचे सुटे भाग दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात बळीराम फिटरने मला कापलं आणि खाचेच्या दोन्ही कडा कानशीने घासघासून पातळ केल्या. मला करून घ्यायला आलेले शालिग्रामसर शेजारी उभे होते. बळीराम हसून म्हणाला, "पत्र्याला एवढी धार कशाला? भाजी चिरायची का?"

"पाणी चिरायचंय," सर म्हणाले. त्या दिवशी मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

सर मूळचे खानदेशातले, राहायला डिंडोलीला. कोसाडच्या पुढे कालव्यालगत एक लहानसं प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे ते शिकवायचे. कालव्यावरचे निरीक्षक, पाणीवाटप मंडळ्यांचे चिटणीस, नुकतेच शिकून आलेले इंजिनिअर, सगळे त्यांच्या हाताखालून गेले. फळ्यावर बरीच गणितं झाली की ते सगळ्यांना पाटावर न्यायचे आणि चिखलात उभं करायचे. पँटच्या घड्या मोडतील म्हणून बांधावर थांबणाऱ्यालाच ते पहिल्यांदा मला रोवायला लावत.

त्यांचा एक नेम होता. काम संपलं की मला धुवायचं, पुसायचं आणि खाचेच्या दोन्ही कडांवरून बोट फिरवायचं. मगच खिळ्याला टांगायचं. "डोळ्याला दिसत नाही ते बोटाला कळतं," असं ते इतक्यांदा सांगत, की पोरं त्यांच्या पाठीमागे नक्कल करत. चौदा वर्षं हा नेम चुकला नाही. मी मनात म्हणायचो, माझ्यासारखा भाग्यवान पत्रा दुसरा नसेल.

मग तो दिवस आला. सुषमा नावाच्या मुलीची तुकडी शिकून तयार झाली होती. तिचे वडील लूमवर कामाला होते आणि ती पाण्याच्या खात्यात लागणार होती. प्रमाणपत्रं वाटायला मोठे साहेब आले. नेमका त्याच सकाळी पाट फुटला आणि मंडपापुढे चिखल झाला. साहेबांचे बूट पांढरेशुभ्र. फळी सापडेना, सगळ्यांची धांदल उडाली. तेव्हा मला खिळ्यावरून कोणी काढलं असेल? खुद्द शालिग्रामसरांनी. त्यांनी मला चिखलावर आडवं टाकलं आणि साहेब माझ्यावरून चालत मंडपात गेले. साहेब अंगाने भारदस्त होते. पाणी मोजण्याची प्रमाणपत्रं वाटली गेली, टाळ्या झाल्या, आणि मी बाहेर चिखलात पडून होतो.

संध्याकाळी शिपायाने मला झटकून खिळ्याला अडकवलं. बोट कोणीच फिरवलं नाही, आणि त्यानंतर सरांचा नेमही मोडलाच.

केंद्राच्या पाटावरच मगनभाऊचं भेंडीचं शेत होतं, अगदी शेवटाला. माणूस नंदुरबारकडचा, दुसऱ्याची जमीन भागाने करणारा. त्याच्या पाण्याच्या पाळीला सर मला रोवत, आकडा ठरल्याइतका आला की पाटाचं वरचं दार आणखी न उघडता तिथेच थांबवत. पण आता साहेबांच्या वजनाने माझ्या खाचेच्या कडा आत दबल्या होत्या. वाट अरुंद झाली, पाणी मागे तुंबलं आणि थोड्याच पाण्यात आकडा पूर्ण झाला. मी खोटं बोललो, मित्रांनो. ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण पत्र्याला तोंड असून बोलता येत नाही.

मगनभाऊ आला. "भाऊ, मना पाटमा पानी कमी येस."

"आकडा पूर्ण आहे, मगनभाऊ. पत्रा खोटं बोलत नाही," सर म्हणाले.

तो शेताकडे परत गेला. पुढच्या पाळीला आला, हेच ऐकून गेला. तिसऱ्या पाळीला आलाच नाही.

उन्हं तापली होती. सुषमा नोकरीवर रुजू होऊन काही कामाने केंद्रात आली. सवयीने तिने मला खिळ्यावरून उतरवलं आणि कडेवरून बोट फिरवलं. तिचा चेहरा उतरला.

"सर, धार दबली आहे. चेक नव्हतं केलं?"

सरांनी बोट लावलं. कितीतरी वेळ ते काढलंच नाही. मग दोघं माझ्यासकट शेतावर गेली. पाटाच्या तोंडाशी पिंप ठेवून, घड्याळ लावून पाणी मोजलं. ठरल्याच्या निम्म्याहून थोडंच जास्त होतं. शेतात भेंडीची झाडं वाळून काड्या झाली होती. मगनभाऊ ती उपटत होता.

सर म्हणाले, "चूक माझी आहे. तुम्ही सांगत होता, मी ऐकलं नाही. या पत्र्यावर..."

मगनभाऊने हातातली काडी टाकली. "मी पत्रावर भरोसा नही ठेवा व्हता, भाऊ. तुमनावर ठेवा व्हता."

कुंपणानेच शेत खाल्लं तर दाद कोणाकडे मागायची? मला त्या क्षणी भंगारात जावंसं वाटलं.

पण सरांनी मला भंगारात दिलं नाही. खिळ्यावर आता नवा पत्रा आहे आणि मी वर्गातल्या टेबलावर असतो. नवी तुकडी आली की सर पहिल्याच तासाला मला सगळ्यांच्या हातात फिरवतात. कोणीतरी विचारतंच, "सर, हा कोणी वाकवला?"

"मी," सर म्हणतात आणि खडू उचलतात.

मगनभाऊने पुन्हा भेंडी लावली आहे. पाळीच्या दिवशी तो स्वतःचं पिंप घेऊन येतो. नव्या पत्र्याचा आकडा तो बघतही नाही. पिंप भरेपर्यंत शालिग्रामसर त्याच्या शेजारी घड्याळ धरून उभे राहतात.

मित्रांनो, तुमच्या हाती मोजायचं कुठलंही साधन येवो, त्याच्यावरून रोज एकदा बोट फिरवा. आणि शेवटच्या शेतातून कोणी पाणी कमी आहे म्हणत आला, तर आकडा दाखवण्याआधी त्याच्याबरोबर पाटावर चला.