तुम्ही बॅट म्हणालात म्हणून

"द्या हो इकडे, डिक्कीत ठेवतो," असं म्हणत अजितराव सुखठणकरांनी पिशवीच्या पट्ट्याला हात घातला.

चिंतामणी वालावलकरने पट्टा सोडला नाही. लालबागच्या मसाला गल्लीच्या तोंडाशी, मेच्या उन्हात, दोघे व्याही एकाच पिशवीला धरून उभे राहिले. मागून टेम्पोवाल्याने हॉर्न दिला.

"राहू द्या. मांडीवर घेतो मी."

"अहो, बॅट आहे की तान्हं बाळ? डिक्कीत मसाल्याशिवाय काही नाही."

"मसाल्याचा वास लागेल."

"बॅटला?" अजितराव मोठ्याने हसले. "बॉलरला शिंका येतील, एवढंच ना? बरंच आहे!"

"भाच्याची आहे हो. फार जपतो तो."

अजितरावांनी पट्टा सोडला. चिंतामणी पुढच्या सीटवर बसला, पिशवी मांडीवर आडवी घेतली आणि तिच्यावरून दोन्ही हात टाकले. एक टोक दाराला टेकलं, दुसरं गिअरच्या दांड्याजवळ आलं. ते त्याने थोडं मागे ओढून घेतलं. गाडीत नुकत्याच कुटलेल्या मिरचीचा वास भरला होता. अजितराव दर वर्षी इथूनच मसाला करून नेत. त्यातला अर्धा गिरगावात बहिणीकडे पोचवायचा, म्हणून ते आज दादरला परत न जाता तिकडे निघाले होते. बसस्टॉपवर व्याही दिसले, म्हणून त्यांनी गाडी थांबवली होती.

"धोबीतलावला सोडतो तुम्हाला. बॅटवाल्यांची दुकानं तिथेच ना?"

"हो. हँडल सैल झालंय."

सैल झाला होता तो घोडा, उजवीकडचा.

बाराबोअरच्या दुनळी बंदुकीचे तीन भाग होतात: नळ्या, दस्ता आणि नळ्यांखालचं छोटं लाकूड. जोडलेली बंदूक माणसाच्या छातीपर्यंत येते, पण सुटी केली की सगळ्यात लांब भाग नळ्यांचाच राहतो आणि तो बॅटपेक्षा बोटभर आखूडच भरतो. हे माप चिंतामणीने घरी टेपने घेतलं होतं. त्यानंतर त्याने धोबीतलावलाच, बंदूकवाल्याच्या शेजारच्या दुकानातून, ही बॅटची पिशवी विकत घेतली आणि एजन्सीने दिलेलं खाकी कॅनव्हासचं कव्हर कपाटावर टाकून दिलं. कायद्याला पिशवीचं वावडं नव्हतं. बंदूक रिकामी, झाकलेली आणि परवान्यावर ज्याचं नाव त्याच्याच ताब्यात असली की झालं. काडतुसं वेगळ्या डब्यात होती आणि डबा कमरेच्या पाऊचमध्ये होता. चिंतामणी यातलं काहीच कधी चुकवत नसे.

बंदूक वडिलांची. गावी वालावलला माकडं आणि रानडुकरं बागेत शिरत, तेव्हा शेतीच्या राखणीसाठी म्हणून तिचा परवाना काढलेला. वडील गेल्यावर तो चिंतामणीच्या नावावर झाला. तेव्हा तो लोअर परळला शाईच्या कारखान्यात हिशेबनीस होता आणि बंदूक नुसतीच नावावर होती. मग कारखाना बंद पडला. पन्नाशी उलटलेल्या हिशेबनीसाला कुणी उभं करेना. एका सिक्युरिटी एजन्सीत त्याने ऑफिसच्या कामासाठी अर्ज केला, तेव्हा समोरच्या माणसाने सहज विचारलं, "घरी लायसनची गन वगैरे आहे का?" आणि चिंतामणीने हो म्हटल्यावर त्याला पहिल्यांदा बसायला खुर्ची दिली. नोकरी बंदुकीला मिळाली होती. परवान्यावर नाव असलेला माणूस तिच्यासोबत यावाच लागतो, म्हणून तो आला. परवाना मुंबईपुरता आणि नोकरीपुरता बदलून घेतला, ट्रेनिंग झालं आणि गिरगावातल्या एका सोनाराच्या दारावर चिंतामणी उभा राहिला.

घरातून तो साध्या शर्टात निघे. गणवेश दुकानात असे. बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये कुणी ना कुणी म्हणेच, "काय वालावलकर, अजून सिलेक्शन नाही का झालं?" तो हसून म्हणे, "वेटिंगवर आहे." सगळ्यांना तो सोनाराकडे हिशेब बघतो असं माहीत होतं आणि बॅट संध्याकाळच्या खेळासाठी. मधुराचं लग्न ठरलं तेव्हा व्याह्यांनाही हेच सांगायचं असं त्याने घरात बजावलं. मधुरा म्हणाली होती, "बाबा, यात लपवण्यासारखं काय आहे?" तो म्हणाला होता, "तुला नाही कळायचं." तेवढ्यावरच ते बोलणं थांबलं होतं.

आज निघतानाही त्याची बायको सुमती दारात उभी राहून म्हणाली होती, "चोरी करूक चल्लात काय तुमी? मगे तोंड असा कित्याक केलात?"

"हळू बोल, शेजारी ऐकतील."

"ऐकांदेत. चोरी नाय मा केलात?"

गाडी भायखळ्याच्या दिशेने निघाली. अजितराव विमा कंपनीतून निवृत्त झालेले, बोलके. हॉल, आचारी, रुखवत असं करत ते कपड्यांवर आले. "आमचा राजस म्हणतो, स्वतःच्या लग्नात साधंच करू. मी म्हटलं, अरे, साधं करायलाच जास्त डोकं लागतं. हिशेबातही तसंच असतं, नाही?"

"हो. तसंच."

पुढे गाड्यांची गती कमी झाली. रस्त्याच्या कडेला मांडव घातलेला होता, बॅरिकेड्स होती आणि एक माणूस खांद्यावर कॅमेरा घेऊन उभा होता. निवडणुकीचं पथक. रोकड शोधत होते.

चिंतामणीने पिशवीवरचे हात आवळले. भीतीने नव्हे. बाकीच्यांच्या बंदुका निवडणुकीआधीच पोलिसांकडे जमा झाल्या होत्या, दुकानावरच्या रखवालदारांना सूट मिळाली होती आणि तसं पत्र परवान्यासोबत त्याच्या खिशात होतं. दुकानाचं पत्रही होतं. भिण्यासारखं काहीच नव्हतं. ट्रेनिंगमध्ये एका निवृत्त सुभेदाराने सांगितलेलं त्याच्या डोक्यात पक्कं होतं: पोलीस दिसला की आधी आपण बोलायचं. आपण सांगितलं तर ती परवान्याची बंदूक. त्याने उघडून बघितली तर नुसतीच बंदूक. वाक्यही ठरलेलं होतं. साहेब, माझ्याकडे परवान्याचं हत्यार आहे, रिकामं आहे. बसमध्ये, नाक्यावर, दोन-तीनदा त्याने ते सरळ आवाजात म्हटलंही होतं. तेव्हा आजूबाजूला सगळे अनोळखी होते.

"डिक्की उघडा, काका," हवालदार म्हणाला.

डिक्की उघडली. हवालदाराने मसाल्याच्या पिशवीचं तोंड सोडून आत वाकून पाहिलं आणि त्याला लागोपाठ शिंका आल्या. अजितराव म्हणाले, "सांगितलं असतं ना राव! संकेश्वरी मिरची आहे." कॅमेरावालाही हसला. डोळे पुसत हवालदार पुढच्या खिडकीशी आला.

"ह्यात काय?"

आता बोलायचं होतं. चिंतामणीने तोंड उघडलं. सीटवर परत बसलेले अजितराव त्याच्याकडे बघत होते. वाक्य सबंध तयार होतं आणि पहिला शब्द निघत नव्हता.

"बॅट आहे हो," अजितरावच म्हणाले. "व्याह्यांच्या भाच्याची."

हवालदाराने हात आत घालून पिशवी बाहेरून दाबली. त्याची बोटं नळ्यांवरून पुढे सरकली आणि थांबली. चेहऱ्यावरचं हसू उतरलं.

"खाली उतरा. दोघंही. हात दिसू द्या. मॅडम!"

मांडवातल्या टेबलावर पिशवी उघडली. नळ्या, दस्ता, छोटं लाकूड, एकेक करून टेबलावर आलं. मागे थांबलेल्या गाड्यांच्या काचा खाली झाल्या. एका मोटारसायकलवाल्याने मोबाईल वर धरला, त्याला हवालदाराने हाकललं. चिंतामणीने कागद पुढे केले. ते मॅडमकडे द्यायचे की हवालदाराकडे हे त्याला ठरवता येईना आणि त्यामुळे आपण गुन्हेगारासारखे दिसतो आहोत हे त्याला कळत होतं.

मॅडम पोलीस उपनिरीक्षक होत्या, वयाने मधुराएवढ्या. त्यांनी नळीवरचा नंबर परवान्याशी ताडून पाहिला, नळ्या उजेडाकडे धरून आरपार बघितलं, काडतुसांचा डबा उघडला, दोन ठिकाणी फोन केले. अजितराव बाजूला उन्हात उभे होते. त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती.

"रेकॉर्डिंगसाठी बोला," मॅडम म्हणाल्या. "नाव?"

"चिंतामणी विठ्ठल वालावलकर."

"व्यवसाय?"

कॅमेऱ्याच्या काचेत त्याला स्वतःचा वाकडा, लहानसा चेहरा दिसला.

"नोकरी."

"कसली?"

"सिक्युरिटीत."

"नीट सांगा काका, काय म्हणून?"

"गनमॅन," तो म्हणाला. "सोनाराच्या दुकानात. दारावर."

"आज ड्युटी?"

"नाही. सुट्टी आहे. दुरुस्तीला नेतोय, दुकानाचं पत्र आहे त्यात."

मॅडमनी कागदांची घडी घालून परत दिली. त्या रागावल्या नव्हत्या, हे त्याला जास्त लागलं.

"सगळं बरोबर आहे तुमचं. एक कागद कमी नाही. मग खोटं का सांगितलंत?"

"मी सांगितलं," अजितराव पुढे होत म्हणाले. "ते काहीच बोलले नाहीत. चूक माझी."

"तुम्हाला माहीत होतं आत काय आहे ते?"

अजितरावांनी हातातली टोपी उलटसुलट केली. "मला बॅट वाटली," ते म्हणाले.

"पुढच्या वेळी आधी सांगत चला, काका. आमचा कुणी घाबरला असता, कमरेला हात घातला असता, तर? बंदुकीच्या बाबतीत गंमत नसते. भरा पिशवीत, या आता."

चिंतामणीने तुकडे परत भरले. घाईत नळ्या उलट्या गेल्या, तोंडं वरच्या बाजूला आली. चेन मध्येच अस्तरात अडकली. ओढली तर आणखी रुतली. मागून हॉर्न वाजत होते. त्याने पिशवी तशीच छातीशी धरली आणि तो गाडीत येऊन बसला.

गाडी मांडवापासून पुढे निघाली. अजितरावांनी एसी वाढवला, मग कमी केला.

"मधुराला दोष देऊ नका," शेवटी चिंतामणी म्हणाला. "हिशेबाचं सांगायला तिला मीच लावलं. ती तयार नव्हती."

"तिने नाही सांगितलं तसं."

"म्हणजे?"

"पहिल्या भेटीतच सांगून टाकलं तिने. आमच्या बाल्कनीत. म्हणाली, बाबा गनमॅन आहेत. पण काका, तुम्ही त्यांना हिशेबाचंच विचारा, त्यांना बरं वाटतं." अजितरावांनी गिअर बदलला. "मला आवडली हो पोरगी, तिथेच."

चिंतामणीला एकेक प्रसंग आठवू लागला. साखरपुड्याच्या पंगतीत अजितराव म्हणाले होते, मार्चएण्डला तुमची धावपळ असेल. अजितरावांच्या पत्नी मीनाक्षीवहिनी म्हणाल्या होत्या, आकड्यांचं काम म्हणजे किती किचकट. राजसने एकदा त्याला टॅक्सबद्दल विचारलं होतं आणि त्यानेही चांगलं ऐसपैस उत्तर दिलं होतं. सगळे किती लक्ष देऊन ऐकत होते.

"आणि मघाशी? ही पिशवी?"

"तुम्ही पट्टा सोडला नाहीत तेव्हा जरा शंका आली. मांडीवर घेऊन बसलात तेव्हा कळलं."

"मग पोलिसासमोर कशाला..." त्याने अडकलेली चेन ओढून पाहिली. "तुमच्यावर आलं असतं, अजितराव."

"तुम्ही बॅट म्हणालात," अजितराव म्हणाले, "म्हणून मी बॅट म्हणालो."

त्यांच्या आवाजात उपकार नव्हता. समोरच्याने वाढलेलं पानात घ्यावं, तितक्या साधेपणाने ते म्हणाले. चिंतामणी खिडकीबाहेर बघत राहिला. मॅडमसमोर नाव सांगताना वाटली नव्हती एवढी लाज त्याला आता वाटत होती आणि ती नक्की कुठे ठेवावी हे कळत नव्हतं.

जे. जे.च्या सिग्नलला फोन वाजला. गाडीच्या पडद्यावर मीनाक्षीवहिनींचं नाव आलं. अजितरावांनी बटण दाबलं.

"घेतला का मसाला? आणि मसाल्यात दगडफूल बघून घातलं ना त्याने? गेल्या वर्षी माती होती नुसती."

"घेतला, घेतला. चिंतामणीराव आहेत गाडीत."

"अय्या! नमस्कार हो व्याही. सुट्टीच्या दिवशी इकडे कुठे?"

अजितराव समोरच्या लाल दिव्याकडे बघत राहिले. या वेळी ते उत्तर देणार नव्हते. चिंतामणीने घसा साफ केला.

"वहिनी," तो म्हणाला, "मी दुकानात हिशेब नाही बघत. मी तिथे..."

पलीकडे एक छोटासा श्वास ऐकू आला.

"अहो, कळतं की मला!" वहिनी घाईघाईने म्हणाल्या. "सुट्टीच्या दिवशी कोण बघेल हिशेब? नकाच बघू. डोळ्यांवर किती ताण येत असेल त्या कामाने. सुमतीताईंना सांगा, रविवारी दोघंही जेवायला या, मसाला ताजा आहे."

दिवा हिरवा झाला. मागच्याने लगेच हॉर्न दिला.

"हो वहिनी," चिंतामणी म्हणाला. "येतो थोडा ताण डोळ्यांवर."

"बघा! मी म्हटलं नव्हतं?"

फोन बंद झाला. गाडी पुढे निघाली. अडकलेल्या चेनमधून दोन्ही नळ्यांची तोंडं वर आली होती, शेजारी शेजारी, काळी, गोल. चिंतामणीने त्यांच्यावर तळहात ठेवला. एसीने लोखंड गार झालं होतं. धोबीतलाव येईपर्यंत त्याने हात तसाच ठेवला.