गजेंद्रचा बाँड

गजेंद्र पायलट होता. ट्रेनिंगच्या बदल्यात विमान कंपनीत पाच वर्षं नोकरी, असा त्याचा बाँड. दुसऱ्याच वर्षी तो अकोल्याच्या रस्त्यावर अपघातात गेला. दहाव्याला पेढी नदीवर पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. बाभळीवर बसून नुसता बघत राहिला.

"तुया मायले मी जपतो, बापू," वडील चंद्रभान म्हणाले. कावळा हलला नाही.

"त्याचा जीव बाँडात अडकला," आई म्हणाली. "वकीलबाई, तुमीच सांगा त्याले."

राजापेठेत माझी वकिली. कावळ्यापुढे युक्तिवाद कधी केला नव्हता. मी चिडूनच बोलले, "गजेंद्र, बाँड असला तरी कोर्ट कुणाला जबरदस्तीने कामावर ठेवत नाही. आणि माणूस गेला की असा करार संपतो. तू सुटलास."

कावळ्याने मान फिरवली.

मग धाकटी बहीण अपेक्षा पुढे झाली. तिला गच्चीवरही भोवळ येते. "दादा, तुयी रायलेली नोकरी मी करीन. विमान मी चालवीन."

कावळा झेपावला आणि पिंडाला शिवला. सगळे हायसं वाटून अंघोळीला उठले.

मी बसूनच राहिले. कायद्यात तोंडी करारही चालतो. एकाने म्हणायचं, दुसऱ्याने स्वीकारायचं. दोन्ही माझ्यासमोर झालं होतं. आता हा मोडायचा, तर समोरच्या पक्षाला कुठल्या कोर्टात बोलवायचं?