दोन अंश उजवीकडे

आप्पांनी पाना बोल्टवर चढवला आणि अंगातलं सगळं बळ लावून ओढला. बोल्ट ढिम्म हलला नाही.

"द्या इकडे, साहेब," मिस्त्री म्हणाला.

"राहू दे. बसवलं मी, उतरवणार पण मीच."

मिस्त्री मागे सरला. साहेबांशी वाद घालण्यात काही हशील नसतं, एवढं तो तीस वर्षांत शिकला होता. हँगरच्या फरशीवर त्यांनी मिळून बांधलेलं छोटं विमान पडलं होतं. शेपूट एकीकडे, पंख दुसरीकडे, आणि चेपलेल्या नाकाला इंजिन अजून चिकटलेलं. चौकशीची माणसं मापं घेऊन गेली होती. उतरता उतरता वैमानिकाने पुन्हा वर जायला इंजिनाला पूर्ण जोर दिला, विमान डावीकडे वळून कलंडलं, नाक उजवीकडे वळवणारं उजव्या पायाखालचं पेडल पुरेसं दाबलं गेलं नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. वैमानिक म्हणजे आप्पांचा जावई; तो जागीच गेला होता. आराखडा करणारा म्हणून अहवालाखाली आप्पांची सही उद्या व्हायची होती. त्याआधी इंजिन एकदा नजरेखालून घालावं म्हणून ते आले होते.

जोर दिला की पुढचा पंखा अशा विमानाचं नाक डावीकडे ओढतो. म्हणून इंजिन बसवतानाच दोन अंश उजवीकडे वळवून बसवायचं, म्हणजे वैमानिकाच्या पायावर फार भार येत नाही. त्यासाठी डावीकडच्या दोन बोल्टांखाली एकेक जाड वायसर घालायचा. डावं-उजवं मात्र वैमानिकाच्या जागेवरून धरायचं, कारण इंजिनासमोर उभा राहणारा हमखास फसतो. एवढ्या एका गोष्टीवरून आप्पांनी आजवर कितीजणांना फैलावर घेतलं असेल, याची गणती नव्हती. घरी लेक सात वर्षांची असतानाही जेवता जेवता तिला विचारायचे, "मी विमान, तू माझ्यासमोर. सांग, पायलटचं उजवं कुठलं?" ती आधी उलटा हात वर करायची, मग जीभ चावून दुसरा.

बोल्ट करकरत सुटला. मग दुसरा, तिसरा, चौथा. वायसर उजवीकडच्या बोल्टांखालून निघाले.

आप्पांनी ते तळहातावर घेतले. वैमानिकाच्या मोडक्या बैठकीच्या मागे जाऊन उभे राहिले आणि तिथून पुन्हा पाहिलं. उजवंच होतं.

"त्या दिवशी माझी दाढ ठणकत होती," मिस्त्री खालच्या आवाजात म्हणाला. "मी घरी होतो. तुम्ही एकट्यानेच..."

"तपासणीच्या कागदावर तुझी सही आहे."

"दुसऱ्या दिवशी केली. तुम्ही लावलेलं मी काय तपासायचं, साहेब?"

आप्पांना त्याच्यावर चिडायचं होतं. ते जमलं नाही. घाई होती, दिवा समोर टांगलेला होता, आणि ते त्याच्या उजेडात, इंजिनाकडे तोंड करून उभे होते. सगळं लख्ख आठवलं.

त्यानंतर जावयाने अकरा उड्डाणं केली. शेपटीवर ट्रिमची छोटी पट्टी असते, ती वळवून ठेवली की पायाला जरा आराम मिळतो. जावई उड्डाणाच्या वहीत दरवेळी इमानाने लिहायचा, 'ट्रिम पूर्ण उजवीकडे, तरी पाय लागतो.' आप्पा ते सगळ्यांदेखत मोठ्याने वाचायचे. "जावईबापू, देवाने पाय काय शोभेला दिलेत?" सगळा हँगर हसायचा. जावईही हसायचा.

"साहेब," मिस्त्रीने इकडे तिकडे पाहिलं, "वायसर डावीकडे घालून बोल्ट परत कसतो. त्यांनी इंजिन उघडलेलं नाही. कुणाला कळणार आहे?"

आप्पांनी वायसर खिशात टाकले आणि ते बाहेर पडले.

लेकीने दार उघडलं. "सही केलीत?"

"नाही अजून."

स्वयंपाकघरातली एक खुर्ची भिंतीकडे तोंड करून होती. आप्पा ती वळवायला गेले.

"राहू द्या, तिथेच असते ती."

खुर्चीसमोर भिंतीवर, गुडघ्याच्या खाली, रंग घासून पार आतला गिलावा दिसत होता. जेमतेम एका पावलाएवढा डाग, उजव्या बाजूला.

"हे काय?"

"त्याचा व्यायाम. रोज चहाच्या आधी इथे बसून उजव्या पायाने भिंत रेटायचा. शंभर वेळा. मी म्हणायचे, एक दिवस भिंतीसकट शेजाऱ्यांकडे जाशील." तिला हसू येता येता राहिलं. "रात्री पाय भरून यायचा, मी तेल लावून द्यायचे. म्हणायचा, आप्पा थट्टेत बोलतात पण खरं बोलतात, माझाच पाय कमी पडतो. मी एकदा म्हटलं, अरे विमानातच काहीतरी असेल, विचार ना त्यांना. तर म्हणे, इंजिन आप्पांनी स्वतः बसवलंय."

आप्पांनी दुसऱ्या खुर्चीत बसून खिशातून दोन्ही वायसर काढून टेबलावर ठेवले.

"हे मी लावले होते. समोर उभा राहून."

दुसऱ्या कुणाला कागदावर काढून समजवावं लागलं असतं. तिने स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं, मग समोर बसलेल्या आप्पांच्या.

"त्या विमानाला कुणाचाच पाय पुरला नसता," आप्पा म्हणाले. "तसं उद्या लिहून देतो, माझ्या सहीने. त्याच्यावरचा ठपका निघून जाईल."

"लिहा."

ती ओरडेल, निदान रडेल, या आशेवर ते बसून राहिले. तिने वायसर उचलले, पदराला पुसले आणि त्यांच्या हातात परत दिले.

"चौकशीवाल्यांना कळेल. मिस्त्रींना कळलंच असेल. मलाही कळलं," ती म्हणाली. "त्याला कोण सांगणार, आप्पा?"

आणि तिने त्यांच्यासाठी दार उघडलं.