तीन नंबरची सीट

तीन... पांढरा, नखाच्या टोकाएवढा, दाराच्या आतल्या बाजूला एक आणि दोनच्या शेजारी गुमान बसलेला आकडा, आणि त्याच्यावर तिचं बोट – सहज ठेवलेलं, म्हणजे ती या गाडीतल्या सगळ्याच बटणांवर ठेवते तसं – आणि सीट हलली.

हलायला नको होती.

या मंगळवारी तिने स्वतःच्या हाताने हे सगळं बसवलं होतं. गाडीचं माहितीपुस्तक मांडीवर, पान एकशे अठरा: सीट आपल्या अंगाला हवी तशी करा, आरसे लावा, आणि टूं असा आवाज येईपर्यंत हवा तो आकडा दाबून धरा, पुढच्या वेळी नुसतं बोट लावलं की सीट आपली आपण ओळखीच्या जागी जाते. एक म्हणजे बाबा. दोन म्हणजे आई. तीन रिकामा, तीन दाबला तर गाडीने ढिम्म बसायचं. आणि आता गाडी तिला घेऊन निघाली होती, घूंऽऽ करत पुढे, अजून पुढे, मग वर, मग पाठीला ढोसत पार ताठ... बाहेरचे दोन्ही आरसे कुणी मान खाली घालावी तसे वाकले आणि सगळं थांबलं. स्टिअरिंग छातीपासून जेमतेम वीतभर.

इथे कुणीतरी बसून गेलं होतं.

रविवार, सकाळचे साडेदहा. अकरा वाजता सगळ्यांनी आत्याकडे निघायचं, आणि तिला अर्धा तास आधी पार्किंगमध्ये धाडलेलं, ‘जा, दारं उघडून हवा खेळती कर, त्या नव्या वासाने माझं डोकं उठतं,’ हे आईचं. पण दारं उघडायला अर्धा तास कशाला लागतो! सगळ्यांना ठाऊक होतं की ही बाई आत बसून काहीतरी नवीन शोधून काढणार आणि जेवताना त्यावर भाषण देणार. गाडी येऊन बारा दिवस झाले होते आणि गाडीतलं जे काही कळलं होतं ते तिलाच कळलं होतं. वरच्या दिव्याशेजारचा छोटा कप्पा चष्म्यासाठी असतो, हे तिने शोधलं. बाटलीच्या खाचेत जगातली कुठलीही बाटली बसते, फक्त यांच्या घरातली बसत नाही, हेही तिनेच. बाबांना वाटायचं की मागच्या बंपरखाली लाथ मारली की डिकी उघडते. चार दिवस ते बिल्डिंगसमोर एका पायावर नाचत होते आणि डिकी ऐटीत बंद होती. मग तिने वाचून दाखवलं की ती सोय वरच्या मॉडेलला आहे. आणि शेजारच्या सीटवर दप्तर ठेवलं तरी गाडी पट्टा लावा म्हणून टुंग-टुंग करते, रस्त्यावरच्या दोन पट्ट्यांमधून जरा सरकलं की स्टिअरिंग थरथरतं, आणि पाऊण तास झाला की समोर कपाचं चित्र येतं – तुम्ही दमलात, विश्रांती घ्या. आई म्हणाली, “मी लग्न करून आले तेव्हा सासू नव्हती. ती उणीव आता भरून निघाली.” आजोबा सगळ्यांत मोठ्याने हसले होते.

आजोबा.

तिने हे नाव मनात येऊ दिलं नव्हतं, ते तिसऱ्याच दाराने आत आलं.

पण आधी पद्धतशीर. वादविवादात पहिल्या आलेल्या मुलीने पद्धतशीर विचार करायचा असतो. बाबा नाहीत – बाबांचं पोट या जागेत मावायचं नाही. आई नाही – आई घरात सर्वांत उंच, तिची सीट पार मागे, रेलून बसल्यासारखी. गाडी धुणाऱ्याकडे चावी नसते. शोरूमच्या माणसाला तर गाडी घरी आल्यापासून दिसलेलीच नाही. म्हणजे बुधवार ते शनिवार, दुपारी, बाबा कंपनीच्या बसने गेलेले, आई शाळेत शिकवायला, ती शाळेत शिकायला, आणि घरात फक्त... आणि दुसरी चावी आईच्या कपाटात, बांगड्यांच्या डब्यामागे, हे न सांगता सगळ्यांना माहीत.

त्यांनी सीट पुढे घेतली असणार. गाडी फिरवून आणून जागेवर लावल्यावर पुन्हा बाबांसारखी मागे करायला हवी, नाहीतर पकडलं जाऊ. आणि तिथे एक नंबरचं बटण होतंच की. तिनेच तर त्यांना मोठ्या हौसेने दाखवलं होतं – बघा आजोबा, नुसतं बोट लावायचं! बघा ना! मग दुसऱ्या दिवशी परत पुढे घ्या, परत मागे करा, हा व्याप नको म्हणून त्यांनी तीनही भरून ठेवला. शिस्तीचा माणूस. चोरीसुद्धा शिस्तीत.

आणि शिस्त का नसेल! त्यांनी चौतीस वर्षं मोटर ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. निम्मं गाव त्यांच्या शेजारी बसून गाडी शिकलं, अजूनही बाजारात लोक ‘मास्तर’ म्हणून थांबतात. शिकवायच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक असायचा, आणि तो ब्रेक त्यांच्या पायात इतका मुरलाय की कुणाच्याही गाडीत शेजारी बसले तरी वळण आलं की त्यांचा उजवा पाय चटईवर दाबला जातो. ती लहानपणी मागे बसून त्यांचे धडे ऐकायची. स्टिअरिंग म्हणजे जेवणाचं ताट, हे ठरलेलं वाक्य, ताटावर कुणी पडतं का? हात लांब, खांदे सैल. आणि शिकाऊ माणूस काचेला नाक लावून बसला की म्हणायचे – मागे सरका. घाबरलेला माणूस चाकाला चिकटतो.

वीतभर.

तिने छाती आणि स्टिअरिंग यांच्यामध्ये खरोखरच वीत धरून पाहिली. अंगठा इकडे, करंगळी तिकडे. वीतच. म्हणजे आपले आजोबा, ज्यांनी निम्म्या गावाला मागे सरकवलं, ते चार दिवस दुपारी एकटे या ताटावर पडून, काचेला नाक लावून, मान ताठ करून... कुठे जात होते? भाजीला? कुठेच नाही, नुसते एक चक्कर? आणि आरसे इतके खाली का? मागचं दिसावं म्हणून नाही. चाकाशेजारची पांढरी पट्टी दिसावी म्हणून. पट्टी धरून धरून, आंधळा भिंत धरून जातो तसे.

म्हणजे त्यांना खरंच दिसत नाही. म्हणजे मी खरं बोलले होते.

आणि या विचाराने तिला बरं वाटलं. एक क्षण, पण बरं वाटलं. आणि मग त्या बरं वाटण्याचीच इतकी लाज वाटली की तिने गाडीत कुणी नसताना मान वळवून मागच्या सीटवर पाहिलं.

कारण चार महिन्यांपूर्वी, जुन्या गाडीत... नाही, हे ‘ती’चं म्हणून सांगता येत नाही. हे माझं आहे. आजोबा मला शाळेत सोडत होते. पाण्याच्या टाकीपाशी वळण आहे, तिथे माझा फोन वाजला – बाईंचा निरोप, वादविवादात तालुक्यात पहिली, तुझं अभिनंदन, आणि चार फुलं. मी जन्मभर वर्गात तिसऱ्या बाकावर तोंड मिटून बसलेली मुलगी, त्याच्या दोनच महिने आधी तोंड उघडलं, आजोबांनी ‘भोंगा’ नाव ठेवलं, आणि आता पहिली! मी किंचाळले. मी फोन त्यांच्या तोंडासमोर धरला. स्टिअरिंगच्या वर, बरोब्बर काचेसमोर. बघा ना आजोबा, बघा ना! त्यांनी पाहिलं. हसले. “अरे वा, भोंग्या...” म्हणाले, आणि आवाज आला. मोठा नाही. ओट्यावर पातेलं ठेवावं एवढाच. सायकलवरचे टेलरकाका रस्त्यावर बसलेले, आणि आपलं मनगट दुसऱ्या हातात धरून त्याच्याकडे नुसते बघत होते, जणू ते कुणी त्यांना शिवायला आणून दिलंय.

त्या संध्याकाळी बाबांनी विचारलं, नक्की झालं काय? आणि मी उभी राहिले. बसून बोलायची सवयच गेली होती. मी बोटांवर मुद्दे मोजले. एक, वळण समोर दिसत होतं. दोन, गाडीचा वेग कमीच होता. तीन, आजोबांना सायकल दिसलीच नाही.

प्रत्येक मुद्दा खरा. फोन हा मुद्दाच नव्हता.

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, तेच तर – नुसतं, एखाद्या शिकाऊ माणसाने पहिल्यांदा गिअर नीट टाकावा तसं. मग खिशातली चावी काढून मिठाच्या बरणीशेजारी ठेवली. “भोंगा खोटा वाजत नाही,” म्हणाले. तेव्हापासून त्यांनी गाडी चालवलेली नाही. म्हणजे असं आम्ही समजत होतो.

आणि नंतर खरोखरच त्यांचा चहा कपाशेजारी पडू लागला. पेपर खिडकीत. परवा त्यांनी शेजारच्या काकूंना आत्या समजून हाक मारली आणि स्वतःच विनोद करून सावरून घेतलं. मग तेव्हाही दिसत नव्हतं का? फोन धरला नसता तरी सायकल...? की फोनच? हे कुणाला विचारायचं? विचारायला ज्यांना जायचं, त्यांना फोन आठवतो की नाही हेच मला माहीत नाही. आठवत असेल तर ते चार महिने मला झाकत आहेत. आठवत नसेल तर ते चार महिने स्वतःच्या डोळ्यांना गुन्हेगार धरून बसलेत.

तिने पाय लांब केला. विचार करायला नको म्हणून, एवढंच. आणि पाय पुरला. ब्रेकवर टाच टेकली, चवडा दाबला गेला, गुडघ्याला हवा तेवढा बाक. हात टेकवले, कोपरं सैल. मान कुठेही ताणावी लागत नव्हती. दिवाणखान्याच्या गेल्या सफाईत आजोबा आणि ती शेजारी उभे राहिल्यावर आई म्हणाली होती, “अण्णा आटले आणि हा भोंगा वाढला, मध्ये कुठेतरी गाठ पडली बघा.” गाठ इथे पडली होती. त्यांच्या भीतीची जागा तिच्या मापाची निघाली होती.

लिफ्टचं दार वाजलं. बाबा डबे सांभाळत, मागे आई, मागे आजोबा भिंतीवरून बोटं फिरवत – उगाचच फिरवतात असं ती आजपर्यंत समजत होती.

“ऊठ गं, ऊठ,” बाबा म्हणाले, “लायसन मिळायला अजून वय व्हायचंय तुझं.” ती उतरली, आणि एक नंबर दाबायचं राहिलं. बाबा धपकन बसले आणि ओरडले, “अगं आई गं! गुडघे!” आईला हसू आवरेना. “वाकून नमस्कार करा गाडीला, एवीतेवी.”

“अगं हसतेस काय, फसलोय मी इथे! एक कुठे... हां.” घूंऽऽ. समोरच्या पडद्यावर तीन पुसून एक आला. बाबांचं हसू मधेच थांबलं. “पण थांब. तीन कुणी भरला? रिकामा होता ना?”

आजोबा मागच्या दाराला हात लावून उभे होते. दुसरा हात खिशात. त्या खिशात काय असेल, नसेल... एक शब्द पुरला असता. एक, दुसरी चावी. दोन, आरसे. बोटं आपोआप उघडू लागली. परवा ते काकूंना आत्या म्हणाले. उद्या दुपारी पुन्हा टाकीचं वळण. सांगायलाच हवं. सांगायलाच हवं होतं, आणि सांगायचं तर फोनपासून.

“माझा आहे,” ती म्हणाली. “तीन माझा. मी मापाने बसवलाय.”

“हिचा!” बाबा आईला म्हणाले, “सायकल शिकताना बिल्डिंग डोक्यावर घेतली होती हिने, आणि आता सीट राखून ठेवते. पुसून टाक बघू तो.”

“पुसता येत नाही. त्याच्यावर दुसरं बसवावं लागतं. पान एकशे अठरा.”

“भोंग्या,” आजोबा म्हणाले. ते दाराकडे बघत होते, तिच्याकडे नाही. “जरा मागे घे ती. एवढं जवळ कुणी बसत नाही.” आणि खूप हळू, फक्त तिला ऐकू जाईल असं, “घाबरलेला माणूस बसतो.”

ते मागे बसले, ती त्यांच्या शेजारी. दारांची कुलपं टक् करून आपोआप लागली. आई आत्याला फोन करत होती, निघालो, निघालो. तिला बोलायचं होतं. या बारा दिवसांत असा एकही प्रवास झाला नव्हता ज्यात तिचं तोंड मिटलेलं होतं, आणि आता जिभेवर एवढं होतं – आज, जेवण झाल्यावर, आत्याच्या गॅलरीत, आधी त्यांना एकट्यांना, फोनपासून सुरुवात करायची, मग चावी मागायची... मागायची? आपण? – आणि ते सगळं दातांमागे रांग लावून उभं. हे पूर्वीचं तिसऱ्या बाकावरचं गप्प बसणं नव्हतं. त्याला वजन नसायचं.

बाबा पट्टीवरून सरकले, स्टिअरिंग थरथरलं. “झालं, सासूबाई बोलल्या,” आई म्हणाली.

टाकी दिसू लागली. टेलरकाकांचं दुकान बंद, रविवार. वळण जवळ येताना आजोबांचा उजवा पाय चटईवर दाबला गेला, नेहमीसारखा, आणि तिने खाली पाहिलं तर त्याच्याशेजारी तिचाही पाय होता, चवडा रोवलेला, पोटरी ताठ, जिथे ब्रेक नाही तिथे. गाडी वळली. वळण संपलं. त्यांचा पाय सैल झाला. तिला तिचा उचलता येईना.